आदितीच्या मापाचं धनुष्य

१२ जुलै, शनिवार

निवृत्त होऊन दीड महिना होत आला. एवढ्या काळात मी घरातले सगळे नळ दुरुस्त केले, त्यातले दोन बिघडवले, आणि भाकरी तव्यावर का फुगते हे अंजनाला इतकं समजावून सांगितलं की परवा ती परातीसकट शेजारच्या घरी जाऊन बसली. आज तिनंच मला काम लावलं. आदितीच्या खोलीतल्या कपाटाला बुरशीचा वास येतोय, सगळं काढून पुसून ठेवा म्हणाली.

कपाटाच्या तळाशी लांब काळी पेटी होती. आदितीचं धनुष्य. चंदगडला पंचायत समितीत नोकरी लागल्यापासून ती पेटी तिनं उघडलेली नाही. स्पर्धेचं धनुष्य क्लबचं होतं, ते परत गेलं. हे तिचं स्वतःचं, सरावाचं. बेळगावच्या कुणा हौशी माणसानं अमेरिकेहून आणलेलं, तिथं शिकारीला वापरतात त्या जातीचं. त्याच्यावर पानाफांद्यांचं चित्र आहे, म्हणजे हरणाला दिसू नये. घरात आलं तेव्हा अंजनानं ते आधी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "ह्यानं कुणाला मारलेलं तर न्हाई न्हवं?"

आदितीची एकही स्पर्धा मी चुकवली नाही. बाकीच्या मुलांचे बाप चहाच्या गाड्यावर असायचे, मी दुर्बीण घेऊन तिच्या पाठीमागं. बाण लागला की तिच्या आधी मला दिसायचा. मी लगेच गुण सांगायचो, नऊ. आठ. नऊ. तिला वाट बघायला लागायची नाही. राज्याच्या निवडीच्या वर्षी मात्र तिचा हात थरथरायला लागला, आणि एक दिवस तिनं सांगितलं की बास झालं.

चांगला हात एकाएकी का थरथरावा? मी आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. कारणाशिवाय काही हलत नाही, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय. कारण सापडलं तर ती परत सुरू करेल असं मला वाटतं. आणि कारण सापडायचं तर धनुष्य आपण हातात घेऊन बघायला हवं. पेटी मी माझ्या खोलीत आणून ठेवली. तिला एवढ्यात सांगायचं नाही.

१५ जुलै

आज ओढून बघितलं. या धनुष्याची दोरी बोटांनी धरायची नसते. मनगटाला पट्टा, पट्ट्याला चिमटा, चिमट्याला बंदुकीसारखा लहानसा चाप. सुरुवातीला दोरी इतकी जड की माझ्या खांद्यातून कुरकुर ऐकू आली. पण अर्ध्याच्या पुढं गेलं की एकदम हलकी होते, चढ संपून सपाटी लागावी तशी. दोन्ही टोकांना लंबगोल चाकं आहेत, ही त्यांची करामत. तासभर नुसतं ओढत होतो आणि हळूच परत आणत होतो. पुलीचा धडा मी विहिरीचं चित्र काढून शिकवत आलो. हे धनुष्य वर्गात नेता आलं असतं तर मागच्या बाकावरचेसुद्धा जागे राहिले असते.

शिकण्यासाठी मोबाइलवर एक अमेरिकन गाठलाय. त्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, मी त्याला दाढीवाला म्हणतो. शिकवतो छान, सावकाश, एकेक गोष्ट दोनदा सांगून. पण मध्येच मेलेलं हरीण शेजारी ठेवून बसतो आणि तसाच बोलत राहतो. तेवढा भाग मी बोटानं पुढं ढकलतो.

१९ जुलै

पहिले बाण. घरामागं परड्याच्या टोकाला आमची उंच भिंत आहे, पलीकडं ऊस, माणसाचा वावर नाही. भिंतीला टेकवून पोतं ठेवलं. पोत्यात भरायचं पाचट आधी चादरीवर पसरून झटकून घेतलं. एक गोम निघाली, तिला पानावर घेऊन भिंतीपलीकडं सोडलं. अंजना पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "शिकारी एवढा सोवळा बघितला न्हवता कधी."

नेम धरायला धनुष्यावर एक बारीक पिन असते. तिचं टोक पोत्यावरच्या ठिपक्यावर आणायचं. आणता येतं, थांबत नाही. डावीकडं जाते, वर जाते, ठिपक्यावरून पळत जाते. मी जितकी दाबून धरतो तितकी ती नाचते. शेवटी ठिपक्यावरून जाताना पकडून चाप दाबतो आणि बाण भलतीकडं जातो. म्हणजे थरथर मलाही आहे. मला बरं वाटलं. रोग सापडला, आता औषध सापडेल.

उभं राहायच्या जागेत मुंग्यांची रांग आहे, पायरीच्या फटीतून निघून थेट पेरूच्या झाडापर्यंत. तिला सांभाळून पाय ठेवतो.

२७ जुलै, रविवार

काल आदिती आली होती, आज दुपारच्या गाडीनं गेली. चंदगडला इतका पाऊस की ऑफिसातल्या कागदांनासुद्धा शेवाळ येईल म्हणाली. धनुष्य मी पलंगाखाली सरकवलं होतं, पोतं गोठ्यात.

माझ्या डाव्या हाताला कोपराच्या आतल्या बाजूला काळानिळा पट्टा उठलाय, सुटताना दोरी घासते तिथं. जेवायला बसल्यावर तिची नजर गेलीच.

"पप्पा, हाताला काय झालं?"

"नळ पिळताना पाना निसटला."

ती जरा वेळ हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नळ पिळताना डावं कोपर थोडं बाहेर वळवून धरत जावा. आणि मूठ सैल ठेवा. गच्च आवळायची न्हाई."

अंजनाला कशाचं तरी हसू आलं. पोरीला नळातलं काय कळतं? पाना सैल धरला तर निसटणारच की. पण ती गेल्यावर संध्याकाळी सहज कोपर तसं वळवून, मूठ सैल सोडून बाण मारला तर दोरी लागली नाही. शिवाय पिनही जरा कमी नाचली. गंमतच आहे. कुठलं ज्ञान कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही.

३ ऑगस्ट

आज अंजनानं डोकं फिरवलं. एरवी ती पायरीवर गवारी मोडत बसते, बघते न बघते. आज प्रत्येक बाणाला बोलायला लागली. "उजवीकडं गेला." "हा खाली." "मघाचा बरा होता." आवाज चढा नाही, रागाचा नाही, नुसतं सांगतेय. दोनचार बाणांनंतर माझं असं व्हायला लागलं की दोरी ओढली की ती आता काय म्हणेल हेच डोक्यात. पिन ठिपक्याच्या जवळसुद्धा येईना. हात मलेरियाच्या माणसासारखा हलायला लागला. शेवटी मी धनुष्य खाली घेतलं.

"मला दिसतंय की कुठं गेला ते. तू कशाला सांगतेस?"

"मदत करतेय."

"नको मदत. आत जा बघू तू."

ती मुकाट्यानं गवारीचं ताट घेऊन उठली. दारातून वळून म्हणाली, "बरं झालं तुम्हीच म्हणाला." आणि गेली.

बायकांच्या मनात काय असतं ते भौतिकशास्त्रात बसत नाही. नंतरचे बाण बरे गेले.

१० ऑगस्ट

आजचा दिवस चांगला, म्हणून सविस्तर लिहितो.

दाढीवाल्यानं सांगितलं की पिन थांबवायची नसते. कुणाचीच थांबत नाही, त्याचीही नाही. जिवंत माणसाचं काळीज चालतं, श्वास चालतो, मग हात कसा थांबेल? पिनला तिच्या मनानं हिंडू द्यायचं आणि आपण नुसतं पाठीनं ओढत राहायचं, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग जवळ येईल असं. चाप दाबायचा नाही. ओढता ओढता तो आपोआप दाबला जातो आणि बाण सुटतो तेव्हा आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. आता सोडतो, आता सोडतो असं ज्यानं मनात म्हटलं त्याचा हात त्या क्षणाला दचकतो.

हे ऐकून मी मोबाइल बंद करून बराच वेळ बसलो. सकाळी मी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसतो तेव्हा हेच होतं की. मन हलू नये म्हणून धरून बसलो की ते गावभर हिंडतं. हिंडू दिलं की थोड्या वेळानं पायाशी येऊन बसतं. इतकी वर्षं सामायिक करतोय आणि हे मला हरणं मारणाऱ्या माणसाकडून कळावं.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला फार आवडली. नेम बसला नाही असं वाटलं तर सोडायचं नाही. ओढलेली दोरी तशीच सावकाश परत आणायची. घाईनं सोडलेल्या बाणानं जनावर मरत नाही, नुसतं जखमी होऊन रानात तडफडतं. तो म्हणाला की परत आणणं ओढण्यापेक्षा अवघड असतं आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. खरंच आहे, परत आणताना खांदा जास्त दुखतो.

संध्याकाळी पोत्यावर तीन बाण असे लागले की त्यांची पिसं एकमेकांना चिकटली होती. अंजनाला हाक मारून दाखवलं. आदितीला दाखवावंसं वाटलं. फोटो काढला आणि पाठवला नाही.

२० ऑगस्ट

आदितीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "आदिती, तुझा हात तेव्हा थरथरायचा, तो नेमका कधी? ओढताना की सोडताना?"

मला वाटलं रेंज गेली.

"पप्पा, इथं पाऊस लई हाय," ती म्हणाली. "नंतर बोलूया."

खरंच पाऊस असेल. मागून पत्र्यावर आवाज येत होता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून दशलक्षण पर्व. दहा दिवसांचे दहा धर्म, आजचा उत्तम क्षमा. सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पूजा, दिवे लागायच्या आत जेवण, घरात कांदा-बटाटा बंद. दुपारी अंजना म्हणाली, "हे दहा दिवस बाण सोडू नका. पोत्यातच मारताय हे मला कळतंय. पण बरं दिसत न्हाई. पर्वात घरातनं बाण सुटतोय म्हणजे कसंतरीच वाटतंय."

मी कबूल झालो. तिचं खरं आहे. पण आत्ता कुठं हात बसतोय आणि दहा दिवस मोडले तर परत पहिल्यापासून. विचार करता करता तोडगा सुचला. ती बाण सोडू नका म्हणाली, दोरी सोडू नका असं म्हणाली नाही. बाण न लावता नुसतं ओढायचं, नेम धरायचा, पाठीनं ओढत राहायचं आणि चाप सुटू द्यायचा. पूर्ण सराव, आणि मुंगीलाही धक्का नाही. पर्वाला शोभेल असा सराव. स्वतःवरच खूश झालो.

२९ ऑगस्ट

धनुष्य मोडलं.

पहिल्याच खेपेला. एवढा मोठा आवाज झाला की पेरूवरचे कावळे उडाले आणि अंजना पोळी तव्यावर टाकून धावत आली. दोरी चाकावरून निसटून लोंबत होती. वरचं पातं, ओढताना वाकतं ते, उभं चिरलंय, चाक वाकडं झालंय. मला मनगटावर एक ओरखडा, बाकी काही नाही.

अंजनानं आधी माझे डोळे, चेहरा, हात बघितले. मग धनुष्याकडं बघितलं आणि पायरीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तिनं तेवढंच ठेवलं होतं."

आज मार्दवाचा दिवस, गर्व सोडायचा. मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. आणखी काही लिहवत नाही.

३० ऑगस्ट

पेटी घेऊन सयाजीरावांकडं गेलो. आदितीचे शिक्षक. कळंब्याच्या तळ्यापासून जवळच त्यांचं मैदान आहे, चार पोरं अजूनही येतात. दोन वर्षांत मी तिकडं फिरकलो नव्हतो. पेटी उघडल्यावर त्यांनी पात्याच्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"बाण लावला न्हवता व्हय, सर?"

"नाही."

"का?"

"पर्व चालू आहे. बाण सोडायचा नाही असं ठरलंय घरी."

सयाजीरावांनी अंगठा चिरेवरून उचलला. "म्हंजे अहिंसा पाळायची म्हणून तुम्ही धनुष्यच मारलंसा."

मग त्यांनी समजावून सांगितलं, पहिल्या दिवशी आलेल्या पोराला सांगावं तसं. ओढताना आपण जेवढा जोर धनुष्यात साठवतो तेवढा बाण घेऊन जातो. "न्यायला बाणच न्हाई म्हटल्यावर त्यो जोर जाणार कुठं? परत पात्यातच येतोय आणि पातं फोडतोय. रिकामी दोरी कधी सोडायची न्हाई. ही पहिली गोष्ट सांगतात की सगळे. तुम्हाला सांगितली न्हाई कुणी?"

घरी येऊन दाढीवाल्याचा पहिला धडा परत लावला. सांगितली होती. हरीण शेजारी घेऊन बसला होता, तेव्हा. मी तेवढंच पुढं ढकललं होतं. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे वाक्य मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं याचा हिशेब नाही.

पण मैदानावरचं लिहायचं राहिलं. मी शिकतोय हे कळल्यावर सयाजीरावांनी क्लबचं एक धनुष्य माझ्या हातात दिलं आणि उभं राहून दाखवा म्हणाले. मी उभा राहिलो तर त्यांनी खाली बघितलं. "पाय असं का ठेवलासा? एक पाय गावाला, एक पाय रानात."

"तिथं मुंग्या असतात."

"हितं कुठं हायत मुंग्या?"

नव्हत्याच. परड्यात रांग चुकवून उभं राहायची सवय पायांना लागली आणि आता मुंग्या नसतानाही पाय तसेच पडतात. सयाजीराव म्हणाले, असंच असतंय सर, कारण निघून जातंय, अंगातनं जात न्हाई. पाय सरळ करून घेतले, खांदा खाली दाबला. मग माझा बाण बघून म्हणाले, "हात बरा हाय तुमचा. आदितीचं धनुष्य तुम्हाला आखूड होत होतं. तिच्या चपला घालून पळालासा तुम्ही दीड महिना. मापाचं मिळालं तर ज्येष्ठांच्या गटात खेळाल की."

मला आनंद लपवता आला नाही. या वयात कुणी हात बरा म्हणेल असं वाटलं नव्हतं.

निघताना मी विचारलंच. "सयाजीराव, आदितीचं नेमकं काय बिघडलं होतं?"

ते धनुष्याचं चाक खोलत होते. "लई गुणाची पोरगी. पण सोडायच्या ऐन टायमाला मान वळायला लागली हुती तिची."

"पोत्याकडं? बाण कुठं लागतो ते बघायला?"

"न्हाई. मागं."

"मागं मी असायचो."

"व्हय," ते म्हणाले आणि पाना फिरवत राहिले.

तिला माझा आधार वाटत असणार. वाटेत मला भरून आलं.

४ सप्टेंबर

सयाजीरावांचा फोन. पुण्याच्या त्यांच्या ओळखीच्या माणसाकडं त्या जातीचं पातं आणि चाक मिळतंय. त्यांनी विचारलं, "माप कुणाचं ठेवू, सर? तुमचं ठेवलं तर तिला पेलणार न्हाई. तिचं ठेवलं तर तुम्ही परत आखडून उभं ऱ्हाणार."

मी म्हटलं सांगतो नंतर.

खरं लिहायचं तर मला माझं माप हवंय. दोन वर्षं तिनं पेटी उघडलेली नाही. मी रोज उघडतो. बऱ्याच वर्षांत मला इतकी उत्सुकता कशाबद्दल वाटलेली नाही. सकाळी डोळा उघडला की आज खांदा कुठं ठेवायचा याचा विचार सुरू होतो. तिनं सोडून दिलेली वस्तू मी वापरली तर त्यात कुणाचं काय गेलं?

अंजनाला विचारलं. ती म्हणाली, "मला कशाला विचारताय? ते माझं न्हाई." थोड्या वेळानं भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "तुमचंही न्हाई."

फोन करून सांगितलं, आदितीचं ठेवा.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी. पर्व संपलं की हा दिवस. बस्तीत सगळे एकमेकांना हात जोडतात, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. मोबाइलवरही सकाळपासून तोच पाऊस. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांचेही हात जोडलेले फोटो येतात आणि आपणही पाठवतो.

आदितीनं आजची रजा टाकली होती. बस्तीतून घरी आल्यावर ती माझ्या पाया पडली, क्षमा असावी पप्पा म्हणाली. दरवर्षी मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि माझीही असावी म्हणतो, की झालं. या वेळी म्हटलं, थांब, मला खरोखरच मागायची आहे. मग सगळं सांगितलं. न विचारता घेतलं, रोज वापरलं, नळाचं खोटं सांगितलं आणि शेवटी मोडलं.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "सयाजी सरांचा फोन आलता. आणि नळाचं तर त्याच दिवशी कळलं होतं. नळ पिळून असला वळ उठतोय व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं बघून मलाच मजा वाटत होती." ती हसली. "धनुष्याचं काय एवढं. होतंय दुरुस्त."

मला हलकं वाटलं. पण ती तिथंच उभी होती.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी सगळं आठवून बघितलं. मोडल्याशिवाय दुसरं काही मी केलेलं नव्हतं.

"काही न्हाई," ती म्हणाली आणि आईला मदत करायला आत गेली.

दुपारी तिला गाडीवर सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून इकडचं तिकडचं बोलली. मी परत येताना सारखं त्या 'आणि'चाच विचार करत होतो. अजूनही करतोय.

२१ सप्टेंबर, रविवार

धनुष्य परवा आलं. नवं पातं जरा वेगळ्या रंगाचं आहे, त्यावर पानाफांद्या नाहीत, नुसतं काळं. मी ओढून बघितलं नाही. पेटी तिच्या कपाटात ठेवली आणि आदितीला फोनवर तेवढंच सांगितलं, धनुष्य आलंय, तुझ्या मापाचं करून घेतलंय. ती बरं म्हणाली.

काल ती आली. आज सकाळी मी सामायिकातून उठलो तर तिच्या खोलीतून पेटीचे खटके उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती धनुष्य घेऊन परड्यात गेली, दोरीवरून बोट फिरवलं, मेण लावलं. मी गोठ्यातून पोतं आणून भिंतीला लावून दिलं. पाचट आधी झटकून घ्यायला विसरलो नाही. मग घरात जाऊन कपाटावरची दुर्बीण काढली, काच सदऱ्यानं पुसली आणि बाहेर येऊन तिच्या मागं, नेहमीच्या जागी उभा राहिलो.

तिनं दोरी ओढली. पूर्ण ओढली. मला तिचा डावा हात दिसत होता, अगदी स्थिर, मूठ सैल. आणि मग तिची मान वळायला लागली. किंचित, मुंगी चालावी एवढी. मागं. माझ्याकडं. त्याच क्षणाला हात थरथरला.

मी दुर्बीण डोळ्यांना लावलेली होती. ओठावर अंक तयार होता. नऊ की आठ एवढंच ठरायचं होतं.

पायरीवर अंजना गवारी मोडत होती. ती माझ्याकडं बघत होती, तिच्या तोंडावर कसलाच भाव नव्हता. त्या दिवशी दारातून वळून बघितलं होतं तसंच बघत होती. मला तिचा आवाज आठवला, उजवीकडं गेला, हा खाली.

आदितीनं बाण सोडला नाही. सावकाश दोरी परत आणली आणि धनुष्य खाली धरून तशीच उभी राहिली, पाठमोरी.

मी दुर्बीण गळ्यातून काढली, अंजनाच्या ताटाशेजारी ठेवली आणि घरात आलो. बाहेरच्या खोलीत खिडकीकडं पाठ करून खुर्चीवर बसलो.

बराच वेळ काहीच आवाज नाही. मग एक धप्प. पोत्यात लागला हे नक्की, कुठं ते कळायला मार्ग नाही. मग परत शांत. मला उठून बघावंसं वाटत होतं, इतकं की मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. मूठ आवळतेय हे लक्षात आल्यावर सैल केली. दुसरा धप्प. तिसरा लगेच. मग मोठी सवड, मला वाटलं संपवलं, तेवढ्यात आणखी एक. कितीतरी वेळ चाललं होतं. मी मोजले नाहीत.

ती आत आली तेव्हा कपाळावर घाम होता, केस विस्कटलेले. माठातलं पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन थांबली. बघत राहिली. मला ते बघणं ओळखीचं आहे. प्रत्येक बाणानंतर ती तशीच वळून बघायची आणि मी तिला अंक सांगायचो.

विचारायचं तोंडापर्यंत आलं होतं. कसे गेले? कुठं लागले? पिन हिंडू देतेस की धरून ठेवतेस? सगळं ओढून तयार होतं. मी ते सावकाश परत आणलं. दाढीवाला म्हणाला होता त्यात खोटं काही नाही, परत आणताना जास्त दुखतं.

"चहा टाकू?" मी म्हणालो.

मनगटावरचा पट्टा काढता काढता ती म्हणाली, "टाका की. साखर थोडी जास्त."

चहा पिऊन ती परत परड्यात गेली. आता उन्हं कलायला आलीत, अंजना जेवायला हाक मारतेय, आणि पोत्याकडं मी अजून गेलेलो नाही.